जांभळी चौकट

घोरपड चढत होती, आणि घोरपड जागची हलतही नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि शलाकाच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

घोरपड म्हणजे चंद्रावर फिरणारी सहा पायांची यंत्रगाडी. बर्फाचा नमुना घ्यायला ती एका विवरात (उल्का आदळून पडलेल्या खोल खड्ड्यात) उतरली होती. आत कायमचा अंधार, त्यामुळे तिची बॅटरी भराभर उतरत होती. आता कड चढून उन्हात आली तर जगणार, नाहीतर तिथेच गोठणार. तिला चालवत होते शलाकाचे आबा, म्हणजे आजोबा, डॉक्टर प्रभंजन देगलूरकर. तेही कुठून, तर अंबाजोगाईतल्या आपल्या घरातून, मांडीवर शेंगदाण्याची वाटी ठेवून. चंद्रावरची गाडी घरबसल्या हाकायची, हे त्या काळी नवलाचं राहिलं नव्हतं.

शलाका सुट्टीला आली होती आणि आबांच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. आबांनी आज्ञा दिली. पडद्यावरच्या घोरपडीनं पाय उचलला, खडक धरला, वर सरकली.

तेवढ्यात फोनवरून नियंत्रण कक्षातल्या वैजयंतीताई म्हणाल्या, "सर, सुरुवात कधी करताय?"

"कधी म्हणजे? अर्धी कड चढली की ती. डोळ्यांनी बघायलोय मी."

"नाही सर. आमच्याकडे ती होती तिथंच आहे. बॅटरी संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरेल."

आबांनी पुन्हा आज्ञा दिली. घोरपड पुन्हा वर सरकली. फोनवर पुन्हा तेच उत्तर आलं. आबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना काचबिंदू होता (कडेची नजर हळूहळू खाणारा डोळ्यांचा आजार). समोरचं दिसे, बाजूचं निसटे.

"वैजयंती," ते हळूच म्हणाले, "दुसरा चालक बघ. माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. डोक्याचाही नसावा. मी आता थांबतो."

"सर, दुसऱ्या कुणाला जोडून घेईपर्यंत रात्र होईल. तोवर ती गोठेल."

शलाकाला गलबलून आलं. आबांचे डोळे अधू, हे कबूल. पण तिचे तर ठणठणीत होते, आणि तिनंही घोरपड चढताना पाहिली होती. मग चूक कुणाची? चंद्राची? आणि एकदम तिला आठवलं. काल दुपारी आबा झोपले असताना तिनं त्यांचा संगणक सजवला होता.

सजवायला कारण होतं. आबांच्या पडद्यावरची प्रत्येक विंडो (पडद्यावरचा तो चौकोन, ज्यात एकेक काम दिसतं) दिसायला अगदीच गावठी होती. बोटभर जाड कडा, कुठं हिरवी, कुठं लाल, वर ठोकळ्यासारख्या अक्षरांची नावपट्टी. शलाकानं सगळ्यांना एकसारखी, केसाइतकी बारीक जांभळी चौकट दिली आणि नावपट्ट्या काढून टाकल्या. सकाळी आबा म्हणाले होते, "वा, छान दिसायलंय." तेव्हापासून ती त्या कौतुकावर तरंगत होती.

"आबा, मी बिघडवलं," ती म्हणाली, आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. "पण मी फक्त रंग बदलला हो. गाडीच्या कामाला हातसुद्धा नाही लावला. रंगानं गाडी कशी थांबेल?"

"थांबेल का? तूच सांग."

"मला नाही कळत. सगळं पुसून नव्यानं टाकू या का?"

"पुसायचं बिसायचं काही नाही. आधी बघू." आबांचा आवाज जरा ताळ्यावर आला. प्रश्न समोर आला की त्यांना हुशारी येई. "ही संगणकप्रणाली मुक्तस्रोत आहे (जिची आतली घडण उघडी असते आणि कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी मुभा असते). म्हणून तर तुला इतकी ढवळाढवळ करता आली. आता सांग, या विंडोतलं चित्र कोण काढतं?"

"गाडीचा प्रोग्रॅम."

"आणि भोवतीची चौकट?"

"तोच की."

आबांनी काहीतरी टंकलं. फट्कन सगळ्या जांभळ्या चौकटी नाहीशा झाल्या. विंडो सरकेना, मिटेना, पुढेमागे होईना. शलाका किंचाळायच्या बेतात होती, तोच तिचं लक्ष आतल्या चित्राकडे गेलं. घोरपड खुशाल पाय उचलत होती.

"चौकट मेली, तरी चित्र चालू?" ती म्हणाली. "असं कसं?"

"कारण कारागीर दोन आहेत. गाडीचा प्रोग्रॅम फक्त आतलं चित्र काढतो. चौकट, नावपट्टी, मिटायचं बटण, ही सगळी दुसऱ्याची कामं. त्याला म्हणतात विंडो मॅनेजर (सगळ्या विंडोंना चौकट घालणारा आणि त्यांना हलवणारा, झाकणारा, मिटवणारा प्रोग्रॅम). फोटो काढणारा वेगळा आणि फ्रेम करून देणारा वेगळा, तसं. मी आत्ता फ्रेमवाल्याला सुट्टी दिली. फोटोला काय झालं?"

"काहीच नाही." शलाका विचार करत म्हणाली. "म्हणजे मी फ्रेमवाल्याचंच काम बदललं. म्हणजे गाडी माझ्यामुळे थांबली नाही."

"नाही."

हायसं वाटायला हवं होतं, पण उलट ती आणखी चक्रावली. तिच्यामुळे नाही, आबांच्या डोळ्यांमुळे नाही, मग अडलंय कुठं? आबाही कपाळ चोळत बसले होते. फोनवर वैजयंतीताईंनी बॅटरीचा नवा आकडा सांगितला. तो कुणालाच ऐकायचा नव्हता.

"फ्रेमवाल्याला परत बोलावू," आबा म्हणाले. "तुझी थीम (चौकटींचे रंग, जाडी, बटणं यांचा एकत्र ठरवलेला साज) राहू दे बाजूला. माझी जुनी अजून आहे ना?"

"आहे. मी माझी वेगळ्या नावानं ठेवली होती."

जुनी थीम लागली. बोटभर जाड कडा परत आल्या, ठोकळ्यासारखी अक्षरं परत आली. चढणाऱ्या घोरपडीभोवती कडा आली ती हिरवी. आणि तिच्या पाठीमागून, आतापर्यंत जिचा पत्ताही नव्हता अशी, दुसऱ्या विंडोची लाल कडा डोकावली.

आबा पुढे झुकले. "हिरवी," ते पुटपुटले. "अरे देवा. हिरवी."

"हिरवी म्हणजे?"

"हिरवी म्हणजे सराव. रोज आधी मी लुटुपुटूच्या घोरपडीवर रस्ता चालून बघतो. ती संगणकाच्या आतच असते, पण हुबेहूब खरीसारखी दिसते. मग लाल कडा शोधायची, तिच्यावर क्लिक करायचं, की खरी पुढं येते. जाड अशासाठी, की या डोळ्यांना सापडावी. आज सगळ्याच कडा जांभळ्या, मागून काही डोकावेना, तेव्हा वाटलं, खरी मी आधीच पुढं आणली असेल."

शलाका खालमानेनं उभी राहिली. जिला ती गावठी म्हणत होती, ती कडा आबांची काठी होती. तिनं रंग बदलला होता आणि गाडी थांबली नव्हती, हे खरं. पण गाडी कोणती, हे सांगणारी खूण तिनं पुसली होती, हेही खरं.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"मीही सांगायला हवं होतं. चौकट बदललेली सकाळीच दिसली होती मला. पण तू इतकी खुशीत होतीस." आबांनी लाल कडेवर क्लिक केलं. मागची विंडो पुढे आली. तिच्यात घोरपड विवराच्या तळाशी मुकाट्यानं उभी होती. "आता बोलू नको. मला हाकू दे."

खऱ्या घोरपडीनं पहिला पाय उचलला, तेव्हा फोनवरून वैजयंतीताईंचा श्वास ऐकू आला. एकदा पाय घसरला, दगड गडगडले, आबांनी तिला मागं घेतलं आणि दुसऱ्या खडकावरून काढलं. सकाळपासून तोच रस्ता इतका घोटून झाला होता, की हात अडखळले नाहीत. दुपार कलली तेव्हा चित्र एकदम पांढरं झालं. घोरपड उन्हात आली होती. बॅटरीचा आकडा थांबला आणि मग सावकाश वर चढू लागला.

"सर," वैजयंतीताई म्हणाल्या, "तुम्ही मघाशी थांबतो म्हणाला होतात. वर कळवू का?"

"काय कळवायलीस? उद्याचा रस्ता पाठव," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शलाकानं आपली जांभळी थीम पुसायला घेतली, तर आबांनी तिचा हात धरला. "पुसू नको. कडा जाड कर, सरावाची वेगळी, खरीची वेगळी, आणि ठेव सगळ्यांसाठी. माझ्यासारखे डोळे असलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. कुणी घेईल, कुणी आणखी सुधारेल."

तिनं खुर्ची ओढली, रंगांची पट्टी उघडली आणि थांबली.

"आबा, तुम्हाला कुठला रंग सगळ्यात आधी दिसतो?"

"कोण जाणे," आबा म्हणाले. "लाल मी सवयीनं घेतला होता. डोळ्यांना कधी विचारलंच नाही."

मग ती पडद्याच्या कडेला एकेक रंग लावत गेली आणि आबा मान न वळवता सांगत गेले, हा दिसला, हा नाही, हा दिसला.