पेसलचा धागा

खरं सांगते. पटेल त्यानं ऐकावं, नाही पटत त्यानं आपल्या वाटेनं जावं.

वोल्हिनिया प्रांतातलं आमचं गाव, झालुचे. योम किप्पूरची, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाची संध्याकाळ, उपास लागायची वेळ. त्या संध्याकाळी सिनेगॉगात, आमच्या प्रार्थनाघरात, असलेले सगळे अजून झोपेतून दचकून उठतात. पण तोंड कुणी उघडत नाही.

मी तिथं होते. मी उघडते.

ब्रायने आमच्या गावची प्रार्थना लिहिणारी. आम्हा बायकांना हिब्रू कुठून येणार? ती साध्या यिद्दिशमध्ये, आमच्या घरच्या बोलीत लिहायची. बाळंतिणीची प्रार्थना, परगावी गेलेल्या लेकाची प्रार्थना. सिनेगॉगात पुरुष खाली, बायका वरच्या माळ्यावर; तिथं ती एकेक ओळ म्हणायची, आम्ही मागोमाग म्हणायचो आणि ढसाढसा रडायचो.

उपासाआधी बायका कबरस्तानात जातात. सुताच्या धाग्यानं आपल्या माणसांच्या कबरी मोजतात. त्या धाग्यांची वळायची मेलेल्यांची वात. घरातल्या माणसांच्या नावानं वेगळे धागे घेऊन वळायची जिवंतांची वात. दोन वाती, दोन मेणबत्त्या. मेलेल्याच्या धाग्यावर ब्रायनेची प्रार्थना म्हणायची... "ऊठ, उभी राहा, आमच्यासाठी बोल."

दोन्हींची सरमिसळ करायची नाही. कधीच नाही.

त्या वर्षी पेसल गेली होती. मेणाचा व्यापारी लेमल, त्याची बायको. तळघराच्या पायरीवरून घसरली म्हणे. पण प्रेताला आंघोळ ब्रायनेनं घातली होती. पेसलच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, काळेनिळे. सिनेगॉगाचं छप्पर लेमलच्या पैशाचं, मग त्याला विचारणार कोण?

आणि आता लेमलला दुसरी बायको हवी होती. ब्रायनेची भाची झिस्ल.

आईबापाविना पोर, ब्रायनेनंच वाढवलेली. झिस्लच्या मामानं परस्पर लग्नाचा शब्द देऊन टाकला होता.

"मावशी, मी नाही जाणार त्या घरात. मारून टाकेल तो मला."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही पाठवणार," ब्रायने म्हणायची. पण तिच्या हातात काही नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

त्या दुपारचं ब्रायनेनंच मला मागाहून सांगितलं. ती वाती वळत बसली होती. पेसलचा धागा तिनं उचलला. कबर मोजताना कोरडा होता. आता...

ओला लागत होता.

दार न वाजवता लेमल आत आला.

"कुणाचा धागा तो?"

"माझ्या आईचा."

त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. "मला शिकवतेस? पेसलची वात लागता कामा नये. आणि ते तुझं 'ऊठ, बोल' बंद कर. मेलेल्यांना कशाला उठवतेस गं? निजू दे की सुखानं."

"का? उठली तर काय सांगेल ती?"

त्यानं अशी सणसणीत कानफटात दिली की तिचा ओठ फुटला.

"उपास सुटला की झिस्लला घेऊन जातो. चांगली वळणावर आणतो."

तो धागे उपसायला वाकला, तेवढ्यात ब्रायनेनं मुठीतला धागा शेजारच्या ढिगात सारला. हवी ती उलथापालथ करून तो निघून गेला. ब्रायने पुन्हा कामाला बसली. ओठातून रक्त, तोंडात प्रार्थना. तिनं तशाच वाती वळल्या आणि मेणात बुडवल्या.

शेजारचा ढीग जिवंतांचा होता.

हे तिला कळलं तेव्हा सिनेगॉगात मेणबत्त्या पेटल्या होत्या. झिस्लच्या धाग्याला लागूनच पेसलचा धागा. एकाच वातीत.

देवा रे!

आता काय करणार? माळा बायकांनी भरला होता. झिस्ल तिच्या शेजारी बसली होती. ब्रायनेनं प्रार्थना सुरू केली. तिची ओळ, मग आमची ओळ.

मग... आणखी एक आवाज.

सगळ्यांच्या मागून. घोगरा. गळा आवळल्यासारखा.

"...उभी राहते. बोलते."

आमच्या माना वळल्या. मागं कुणी नव्हतं.

आणि खाली पुरुषांत लेमलची मान मागं ओढली गेली.

त्याचे पाय जमिनीवरून सुटले. जवळ कुणीही नव्हतं. तो हवेत हातपाय झाडत होता, डोळे बाहेर आले होते, पांढऱ्या अंगरख्यावरून रक्ताची धार लागली होती. दोघातिघांनी त्याला खाली ओढायला पाहिलं. ते पार भिंतीवर जाऊन आपटले.

मग हाड मोडल्याचा आवाज आला. वर माळ्यापर्यंत.

तो खाली कोसळला. गळ्यात एक मेणाळलेला धागा मांसात रुतून बसला होता. जिवंतांची मेणबत्ती अजून जळत होती...

आत वात नव्हती.

ब्रायनेनं झिस्लला पोटाशी धरलं. "सुटलीस गं बाई, सुटलीस!"

पोर जागची हललीसुद्धा नव्हती. मी शपथेवर सांगते, मी तिच्या मागच्याच बाकावर होते. पण तिच्या दोन्ही तळहातांवर बारीक, खोल चिरा होत्या. दोरी कचकन ओढल्यावर पडतात तशा. रक्त ठिबकत होतं.

वर्ष गेलं. झिस्ल हसते, खाते, कामं करते. लग्नाचं नाव काढू देत नाही. आणि तिचा आवाज घोगरा झालाय. थंडीमुळे, असं ब्रायने सगळ्यांना सांगते.

यंदा ब्रायने पुन्हा कबरस्तानात गेली. मी सोबत होते. पेसलच्या कबरीशी वाकून तिनं धागा लावला.

मागून झिस्लनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, तिथं काय मोजतेस? मी इकडं आहे ना."

ब्रायनेच्या हातातून धागा गळून पडला. तो अजून तिथंच पडलाय. उचलायला कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही.