समुद्र ओलांडू देऊ नका

"नीरजा, पत्रिकेत ताटातूट आहे. जरा थांब," आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती. नीरजा तेव्हा प्रेमात आकंठ बुडालेली. "आई, नेटवर्क जातंय गं," म्हणून तिने फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

सलिल तिला भेटला तो तोंडावर मुखवटा घालूनच. ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर मुलांनी एक ग्रीक शोकांतिका बसवायला घेतली होती आणि हे दोघं वृंदात, म्हणजे कोरसमध्ये, शेजारी शेजारी. बाहेर बारीक पाऊस, आत पुठ्ठ्याला ओल्या डिंकाचा वास… मुखवटा टोचला तशी ती "आई गं" पुटपुटली आणि शेजारचा मुखवटा मराठीत कुजबुजला, "आपलं काम काय नक्की?"

"सगळं बघायचं, हळहळायचं आणि जागचं हलायचं नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंग."

ती हसली. डिरेक्टरने दोघांना मागच्या रांगेत पाठवलं. तिथे तर जास्तच बोलता आलं.

तालमीनंतर तळ्याकाठी कॉफी घेताना वाद ठरलेला. देववाणीने नाटकातल्या राजाचं भविष्य आधीच सांगून टाकलं होतं, मग त्याची चूक ती काय, असं नीरजाचं म्हणणं.

"घाबरून पळाला, ही चूक," सलिल म्हणायचा. "नशीब असेलही… पण पाय त्याचेच ना?"

"तू नसतास पळाला?"

"तू शेजारी असशील तर — नाही." आणि तिच्या कपातला फेस त्याने बोटाने पळवला.

लग्न झालं. सलिलला कॅनबरात काम मिळालं, तिथल्याच गुंगालिन उपनगरात संसार थाटला. मग नुपूर झाली, आणि आईचं ते वाक्य नीरजाच्या कानाशी येऊन बसलं. बाळ झोपलं की ती श्वास बघायची. सलिलला यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन.

"अकरा मिस्ड कॉल, नीरू. मी मीटिंगमध्ये होतो."

"एक मेसेज करायला किती वेळ लागतो?"

आधी तो हसायचा. नंतर नंतर नुसता बूट काढायचा.

शेवटी तिने गुपचूप आईच्या ज्योतिष्यांना विचारलं. ते म्हणाले, श्रावण संपेपर्यंत नवऱ्याला समुद्र ओलांडू देऊ नका. आणि आषाढातच नाशिकहून फोन आला — सलिलचे बाबा आयसीयूत.

त्याने तिकीट काढलं. पासपोर्ट सापडेना. तीन दिवस त्याने घर पालथं घातलं. नीरजाही त्याच्याबरोबर कपाटं उपसत होती. पासपोर्ट तिनेच नुपूरच्या लहान झालेल्या झबल्यांखाली ठेवला होता.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

तेव्हा तिने तो आणून टेबलावर ठेवला, ज्योतिषी काय म्हणाले तेही सांगितलं. "तू माझ्यापासून… जाऊ नयेस म्हणून रे—"

पासपोर्टवर बेबी पावडर लागली होती, ती सलिलने शर्टाला पुसली. "आईंना कळव," तो म्हणाला, "ज्योतिषी बरोबर निघाले म्हणून."

नीरजा आता नुपूरला घेऊन सिडनीत, टूनगॅबीला, बहिणीजवळ राहते. 'माझ्यावर पहारा ठेवायचा नाही, माझ्या दाराशी यायचं नाही' एवढीच अट सलिलने घातली. ती तिने पाळलीय, दात आवळून पाळलीय. दर रविवारी तो नुपूरशी व्हिडिओवर बोलायचा. गेले दोन रविवार बोललेला नाही. फोन बंद. नुपूर काळ्या स्क्रीनवर टकटक करते — "डॅडा, कम आउट."

तुम्ही गुंगालिनकडे राहत असाल, तर नीरजाचं एवढं ऐका. लाइट रेलचा शेवटचा थांबा, त्याच्या मागची इमारत, पहिला मजला, बाल्कनीत निळी सायकल. बेल वाजवा. त्याने दार उघडलं, तर जेवलास का एवढंच विचारा, तिचं नाव काढू नका. नाही उघडलं… तर परत फिरू नका. पुन्हा वाजवा.