किंग क्रॅबवर आलेला आळ

"खून झालाय," आत्याबाई गुप्तहेराच्या दारातूनच म्हणाल्या. "आणि माझा भाचा दुपारी आरोपीला उकळायला निघालाय!"

आत बसलेल्या त्याच्या मेहुण्याने चहा सांडला. आरोपी खेकडा आहे हे त्या भल्या माणसाला हॉटेलात पोचेपर्यंत उमगलं नव्हतं.

हॉटेलात गार पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्यात शोभेला चार किंग क्रॅब: तीन माद्या, एक नर. आत्याबाई त्यांना पोटच्या पोरांसारखं जपत. आज सकाळी त्यांची लाडकी मादी नराच्या पुढ्यात पोकळ होऊन पडली होती.

"खाल्लं मेल्याने तिला," भाचा, म्हणजे हॉटेलमालक, तावातावाने म्हणाला. "दोन पायही गिळले! खेकड्याला नांग्या धरून दहा पाय असतात. इथे आठच आहेत."

गुप्तहेराने कवच उचललं. अगदी हलकं. मागच्या बाजूला एक फट, बाकी ओरखडाही नाही. टाकीतलं पाणी नितळ होतं.

"नराने आज काय खाल्लं?"

"शिंपल्याकडे ढुंकून पाहिलं नाही," आचारी म्हणाला. "ठाण मांडून बसलाय. हात घातला की नांग्या उगारतो."

"पोट भरलंय ना!" मालक म्हणाला.

"आणि आधी?"

"कितीतरी दिवस तिच्या दोन्ही नांग्या धरून होता," आत्याबाई म्हणाल्या. "तिनेही अन्न सोडलं होतं. मला वाटलं, छळतोय."

गुप्तहेर मेहुण्याकडे वळला. "बाकीच्यांचे पाय मोज बरं."

"आठ... हिचेही आठ... भाऊजी, नराचेही आठच! स्वतःचेसुद्धा खाल्ले?"

गुप्तहेराला हसू आवरेना. "अरे, या जातीचे शेवटचे दोन पाय इवलेसे असतात, कवचाखाली दडलेले. कोणी काही गिळलेलं नाही. खाल्लं असतं तर कवच फुटलं असतं, पाणी गढूळ झालं असतं. ही फट आतून उघडलीये. तिने कात टाकलीये, मालक. यांच्यात कात टाकल्यावर मादीचं अंग मऊ असतानाच मीलन होतं. म्हणून नर आधीपासून तिचे हात धरून थांबतो."

"मग ती आहे कुठे?"

"तो जागचा का हलत नाही, ते बघा."

गुप्तहेराने लांब काठीने नराला अलगद बाजूला सारलं. खाली फिकी, मऊ, धडधाकट मादी! नर लगबगीने पुन्हा तिच्यावर आडवा झाला.

आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून त्या भाच्यासकट सगळ्यांवर कडाडल्या, "बघत काय उभे राहिलात? दिवा मालवा आणि चला बाहेर!"