तिसरी काच

गावाबाहेरच्या त्या घराची गच्ची पाहताक्षणीच तिच्या मनात भरली. तिन्ही बाजूंना शेतं, वर मोकळं आभाळ. ती बागा आखून द्यायची, म्हणून त्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी ती आल्याआल्याच तिचं नाव 'बागवाली' पाडलं होतं.

बाबांच्या मुलीचं मागणं एकच होतं. "नजर गेल्यापासून बाबा खोलीबाहेर पडले नाहीत. त्यांना इथे एकट्याने फिरता यावं. कुणाचा हात न धरता."

बागवालीने आराखड्यात जीव ओतला. काठाला आरपार काचेचा कठडा, पायाला कळेल असा खरखरीत फरशीचा रस्ता, वळणावळणावर वेगळ्या वासाचं झाड. कुंड्यांच्या जागा तिने खडूने आखल्या आणि बाबांना वर आणलं.

रिकाम्या गच्चीवर बाबा खडूच्या प्रत्येक चौकोनाला वळसा घालत गेले.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"मी? मलाच कुठे ठाऊक होतं!" मुलगी म्हणाली.

बागवालीने आवाज न करता एक चौकोन पुसला, पलीकडे आखला. बाबा तिथेही अलगद वळले.

"मोगरा हलवलास वाटतं, बागवाली? बरं केलंस. मघाशी बाहीला अडकत होता."

मोगरा अजून रोपवाटिकेतच होता.

तिला भीती वाटली नाही. उलट हात जोडावेसे वाटले. पुढची प्रत्येक कुंडी तिने बाबांना विचारूनच ठेवली आणि गच्ची अशी खुलली, की काचा बसवणारे कारागीरही काम संपल्यावर उगीच रेंगाळले.

पुढे एका सकाळी बाबा एकटे निघाले. तळहात काचेवरून सरकत होता. जिन्याच्या दारात मुलगी पदराने डोळे टिपत होती.

पहिली काच. दुसरी.

तिसरीपाशी बाबा थांबले.

"इथली बसवायची राहिली गं."

"बाबा, आज बरे फसलात!" मुलगी हसली.

बागवालीने बोटाने टकटक केलं. काच खणखणली.

"ती तुम्हाला आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "मला नाही."

त्यांनी हात पुढे केला.

मुलीचं हसू विरलं.

बागवालीने झटकन त्यांचा दुसरा हात घट्ट धरला.

काच जागच्या जागी होती. स्वच्छ, उन्हात लखलखणारी. आणि तिच्या पलीकडे, शेतांवरून येणाऱ्या वाऱ्यात, बाबांची बाही फडफडत होती.