देवाचे पाहुणे आणि लाल दिवा

"उंच उंच घाट, खाली नदीचा गं काठ,
माझ्या पाखरांची बाई पाहते मी वाट..."

लोकर पिंजताना आई हे गायची. सायकाल तेव्हा एवढीशी होती. त्या आवाजाला उन्हात वाळलेल्या लोकरीचा वास होता. आता आई दूर रशियात, कझानच्या शिवणकारखान्यात होती आणि तिचा आवाज फक्त रविवारी यायचा, तोही मामाच्या संगणकातून.

आज रविवार होता. आणि संगणक मुका होता.

"खेळ खेळून वाट लावलीत त्याची," तुर्दुबेक मामाने पडद्यावर एक चापट मारली. "सुट्टी लागली की पोरं घर विकून खातील."

"आम्ही नाही बिघडवला," सायकाल म्हणाली.

"मग काय शेळीने बिघडवला?"

"शेळीला विचारलंत का?" तिचा धाकटा भाऊ तिलेक पुटपुटला. मामाने डोळे वटारले.

"एवढं बोलायचंच असेल तर जा शेजारच्या बेकतुरकडे. त्यांचं इंटरनेट चालू आहे."

"त्यांच्या घरात भिंतींना कान नाहीत, आज्या आहेत," सायकाल म्हणाली. "मला आईशी माझ्या घरातून बोलायचंय. उद्या सकाळी ती मुकादमाला सांगणार, आणखी एक वर्ष राहते की नाही. त्याआधी मला बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

ती संगणकामागे वाकून बघू लागली. दर रविवारी तोंडाशी येऊन परत जाणारी ती गोष्ट मामाला कशी सांगणार?

मामा घोड्याला पाणी दाखवायला गेला. शेजारचा बेकतुर खिशात कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे भरून खिडकीतून आत आला. दार त्याला कधी आवडलंच नाही.

"तुमचं खरंच चालू आहे?" सायकालने विचारलं.

"आजी सकाळपासून इंटरनेटवर मालिका बघून रडतेय. म्हणजे झकास चालू आहे."

"मग खांबापर्यंतची लाईन ठीक आहे." तिने इंटरनेटच्या डबीचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. दोन दिवे हिरवे झाले. तिसरा लालच राहिला. "संगणक आणि डबी एकमेकांशी बोलतायत. बाहेरचंच आत येत नाहीये. दोष मध्ये कुठेतरी आहे."

"बंद कधी पडलं?"

"मामीच्या माहेरचे जेवून गेले ना, त्या दिवसापासून," तिलेक म्हणाला.

तिघांनी तारेचा माग काढला. खांबावरून पातळ काळी तार खिडकीच्या फटीतून आत आली होती. भिंतीच्या कडेने सरपटत गेली आणि जूकच्या मागे गडप झाली.

जूक म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या पेटीवर रचलेली गोधड्यांची रास. लाल, निळी, जांभळी, छताला टेकायला आलेली. मामीने ती माहेराहून आणली होती. पाहुणे गेल्यावर मामाने ती पुन्हा रचली, आणि झुकू नये म्हणून पेटी ढकलत ढकलत भिंतीला पार चिकटवली होती.

"मामा, तार पेटीमागे दबली आहे," सायकालने अंगणात जाऊन सांगितलं. "जूक उतरवूया."

"जूक?" मामा बादली खाली ठेवत म्हणाला. "पोरांच्या खेळासाठी घराची शोभा खाली आणू? जूक उतरते ती पाहुणा आला तरच. हात लावाल तर याद राखा."

सायकाल परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मग ती हळूच हसली.

"बेकतुर, गल्लीतली सगळी पोरं गोळा कर. तोंडं धुवायला सांग."

थोड्या वेळाने मामाच्या फाटकाशी लांबच लांब रांग उभी राहिली. केस ओले, नाकं पुसलेली. सर्वांत पुढे बेकतुर, आजोबांची उंच पांढरी टोपी भुवयांपर्यंत आलेली.

"घरात कोण आहे? देवाचे पाहुणे आलो आहोत!"

"तू शेजारचा बेकतुर आहेस," मामा म्हणाला.

"देवाने धाडलेल्या पाहुण्याला गाव विचारत नाहीत, काका. दमलोय. बसायला काही द्याल?"

मामाने रांगेवरून नजर फिरवली. दाराशी आलेला पाहुणा परत पाठवला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, मग तो पाहुणा दुधाच्या दातांचा का असेना.

आतून मामीच्या हसण्याचा आवाज आला. "या, या. अहो, बघत काय राहिलात? पाहुण्यांना उघड्या जमिनीवर बसवणार? एकेकाला एकेक गोधडी द्या."

एकेक पाहुणा बसला, एकेक गोधडी उतरली. मामी कणकेचे तळलेले फुगीर बोरसोक वाढत होती आणि पाहुणे मोठ्या माणसांसारखं गुरांची, गवताची विचारपूस करत होते. शेवटची गोधडी निघाली. सायकाल आणि तिलेकने पेटी ओढली. मागे तार काटकोनात दुमडून पडली होती.

"यात केसाएवढा काचेचा धागा असतो," सायकाल म्हणाली. "त्यातून उजेड पळतो. इतकं कडक वळण त्याला घेता येत नाही."

तिने तार अलगद मोकळी केली, नदीच्या वळणासारखी सैल सोडली. सगळे पाहुणे खाणं थांबवून डबीकडे बघत राहिले. लाल दिवा विझला. मग हिरवा लागला.

मामाने पेटीवर एक चापट मारली. "म्हणजे शेळी मीच," तो म्हणाला. सगळं घर हसलं.

तेवढ्यात संगणक वाजला. पडद्यावर आई आली, थकलेली, डोक्याला रुमाल.

"ताई, तुझ्या लेकीने आज मला माझ्याच उंबऱ्यावर हरवलं," मामा म्हणाला. "मी उगाच तिच्यावर आळ घेतला. अशी डोकेबाज पोर अख्ख्या खोऱ्यात नाही."

आई हसली. "मग सगळं ठीक चाललंय ना? राहू ना आणखी एक वर्ष?"

"राहा गं, इथलं काही—"

"मामा, थांबा," सायकाल म्हणाली. ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"आई, दर रविवारी मी सांगते, आम्ही मजेत आहोत. ते खोटं असतं. तू घरी ये."