वाढत्या अंगाचं माप

घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचं माप बायको घ्यायची, कापड तो कापायचा. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता दोन्ही तोच करायचा.

मुलगी अकराची, अंगानं आठची. सगळे तिला टाचणी म्हणत. मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बापाचं मूत्रपिंड तिला जुळत होतं. उद्या संध्याकाळपर्यंत संमतीच्या कागदावर सही हवी होती.

त्याची थोरली बहीण समोर बसून बटणं लावत होती.

"एकाच दिवशी दोघं टेबलावर? तुझं बरंवाईट झालं तर हिला कोण? चाललंय ना आहे ते?"

"चाललंय कसलं, ताई. रेटतोय."

"आत्या, मला ऐकू येतंय," टाचणी आतून म्हणाली. "मूत्रपिंडं गेलीत, कान नाही."

त्याला हसू आलं. दवाखान्यात तिला पुढून उघडणारा फ्रॉक लागणार होता. त्यानं मापवही काढली. टाचणीच्या पानावर त्याच्या माहितीतली शेवटची ओळ दोन वर्षांपूर्वीची होती. छाती तेवीस.

तिच्याखाली आणखी एक ओळ होती. छाती सव्वीस, लांबी चौतीस. पोटाला उजवीकडे, खाली, सैल ठेवणे.

अक्षर बायकोचं. आकडे अक्षरांत लिहायची सवयही तिचीच.

त्यानं टाचणीला उभं करून पट्टी लावली. छाती तेवीसच भरली.

"ताई, वहीत कुणी लिहिलं?"

"मला तुझी वही वाचता येत नाही, लिहिणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डॉक्टरांना विचारलं, "माझं मूत्रपिंड हिच्या पाठीत बसवणार ना?"

"नाही हो. जुनी तिथंच राहतात." डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं. उजवीकडे, खाली. "नवं इथं बसतं."

वहीतली ओळ त्याला आठवली.

म्हणजे पोरगी वाढणार होती. तीन इंच छाती. घरी येईपर्यंत तो तेवढंच घोकत होता. सही करायला वही मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला, आणि कागद घसरला. वही त्याच्या स्वतःच्या पानावर उघडली.

त्याच अक्षरात: लांबी सदुसष्ट. रुंदी दुप्पट. गळा नाही. बाही नाही.

असं कापड त्यानं आयुष्यात एकदाच कापलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बायको गेली त्या दिवशी, तिच्यासाठी.

आत टाचणी खोकत होती.

मग त्यानं सही केली.

"बाबा, फ्रॉक कधी कापणार?"

"आत्ताच. सव्वीसचा."

"केवढा ढगळ होईल!"

"होऊ दे. भरशील तू."

फ्रॉक कापून झाल्यावर तो दवाखान्यात न्यायचं अंथरूण बांधायला गेला. आपलं माप कुणी आणि कसं घेतलं, हा विचार डोक्यातून जात नव्हता. पट्टी साठ इंचांची. सदुसष्ट मोजायचं तर साठावर खडूनं खूण करावी लागते, आणि पुढे पुन्हा पट्टी लावावी लागते.

दुकानात खडू पांढराच असे. निळा फक्त बायको वापरायची. तो तिच्याबरोबरच संपला होता.

त्यानं चादरीवरचं पांघरूण उचललं. झोपल्यावर त्याचे घोटे जिथं येत, तिथं निळ्या खडूची बारीक, सरळ रेघ होती.