वोमनमधले चेहरे

चांद्रतळ प्रशिक्षण केंद्राच्या भाषा प्रयोगशाळेत डॉ. केतकी झांट्ये निवडयादी हातात धरून उभी होती आणि तिचे कान तापले होते. शालन खरात या वेल्डरचं नाव कापलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘संघभावना अपुरी. पुरावा : चिनी भाषेचा पहिला धडा.’

तो धडा केतकीच्याच स्मृतिबंधकाने दिला होता. चिनी सहकाऱ्यांशी पटकन बोलता यावं म्हणून तिने हे यंत्र बनवलं होतं. ‘वो’ म्हणजे मी, ‘नी’ म्हणजे तू, ‘था’ म्हणजे तो किंवा ती. शब्दाच्या शेवटी ‘मन’ जोडलं की अनेकवचन, म्हणून ‘वोमन’ म्हणजे आम्ही. यंत्र प्रत्येक शब्द शिकणाऱ्याच्या ओळखीच्या चेहऱ्यांशी बांधायचं, आणि ते चेहरे पडद्यावर उमटायचे. ‘आम्ही चंद्रावर काम करू’ या वाक्याला शालनचे चार चेहरे उमटले होते, बॉयलर कारखान्यातल्या तिच्या जोडीदारणींचे.

“हिच्या ‘आम्ही’त मोहिमेतलं एकही माणूस नाही,” निवड समितीचे अध्यक्ष भार्गव पित्रे म्हणाले. “बाकी पाच जणांना बघा, संघभावनेत नव्वदच्या वर गुण.”

कोपऱ्यात बसलेली शालन म्हणाली की, मला शिकायला बसवलं होतं. परीक्षा आहे हे कुणी बोललं नव्हतं. पित्र्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“सर, आठवणीत नसलेला चेहरा यंत्र आणणार कुठून?” केतकीने विचारलं. “ही तुकडी अजून एकमेकांना भेटलेलीच नाही.”

“मग त्या पाच जणांना गुण कसे मिळाले?”

तिने पाचही धड्यांतलं ‘वोमन’ उघडलं. पाचही पडद्यांवर एकच चेहरा होता. मोहिमेशी संबंधित ज्या एकाच माणसाला सगळे भेटले होते, त्या मुलाखत घेणाऱ्या पित्र्यांचा.

पित्रे चष्मा पुसत यंत्रातल्या दोषाबद्दल पुटपुटले. दोष असेल तर सगळेच निकाल रद्द करा, असं केतकीने ठणकावलं. “आणि नसेल, तर एकदा बांधलेला शब्द सुटत नाही. संकटात ‘आम्ही’ म्हटलं की आधी तोच चेहरा समोर येणार.”

शालन उठली. “मग साहेब, तुम्हीच चला वर. तळाला गळती लागली तर पाचही जण तुमच्याच तोंडाकडे बघत बसतील.”

पित्र्यांनी पेन काढलं. तिचं नाव पुन्हा लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.